पायडलची गती आणि गुडघ्यांवरील भार

रायपूर : शाळा, कारखाना किंवा बाजार गाठण्यासाठी रायपूरमध्ये आजही अनेक जण एकाच गिअरची साधी सायकल वापरतात. छत्तीसगड शासनाच्या सरस्वती सायकल योजनेतून नववीच्या पात्र विद्यार्थिनींनाही सायकली दिल्या जातात. मात्र पायडल मिनिटाला किती वेळा फिरते, यावर स्नायू, हृदय आणि गुडघे यांच्यावरील ताण अवलंबून असतो, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

पायडलच्या एका मिनिटातील फेऱ्यांना ‘केडन्स’ म्हणजेच पायडलगती म्हणतात. पायाचा जोर आणि ही गती मिळून सायकलला मिळणारी शक्ती ठरते. समजा, १०० वॅट शक्ती हवी आहे. मिनिटाला ६० फेऱ्या होत असल्यास प्रत्येक फेरीत १०० ज्यूल ऊर्जा द्यावी लागते. ९० फेऱ्यांना सुमारे ६७ ज्यूल पुरतात.

गती मंदावली की जोर वाढवावा लागतो. मांडीतील लवकर थकणारे स्नायुतंतू अधिक प्रमाणात कामाला लागतात आणि गुडघ्याच्या वाटीमागील दाब वाढतो. याउलट गती फार वाढविल्यास केवळ पाय फिरविण्यातच ऊर्जा खर्च होते. प्राणवायूची गरज आणि हृदयाचे ठोके वाढतात. म्हणूनच संथ प्रवासात ५० ते ६० फेऱ्या काटकसरीच्या ठरतात, तर सरावलेले स्पर्धक ८० ते १०० फेऱ्या पसंत करतात.

गिअर बदलता येत नसल्यास ही निवड उरत नाही. २८ इंची चाकाच्या सायकलला पुढे ४४ व मागे १८ दाते असतील, तर ताशी १५ किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ४६ फेऱ्या होतात. रायपूरचा परिसर मैदानी असल्याने एरवी हे चालून जाते; परंतु समोरून वारा, उड्डाणपुलाचा चढ किंवा डबलसीट प्रवास असल्यास गती आणखी घटते आणि सारा भार गुडघ्यांवर येतो.

उपाय सोपे आहेत. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट उंच असावी. सीट फार खाली असल्यास गुडघा अधिक दुमडतो व दाब वाढतो. तीव्र चढावर उतरून चालणे हितकारक. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. त्यामुळे पारा चाळिशीपार जाणाऱ्या मे महिन्यात वेग कमी ठेवून वरचेवर पाणी प्यावे. गुडघेदुखी कायम राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.