शाळेतला माठ

विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा गोळ्या, लसी आणि तपासणीपत्रके यांच्याभोवतीच फिरते. या गोष्टी हव्यातच. परंतु आमच्या वस्त्यांतील मुलांपुरता हा विचार शाळेतल्या माठापासून सुरू करावा लागतो. बालपणी बाबासाहेबांना शाळेत शिपाई नसला की पाणी मिळत नसे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर माणसाच्या हक्कासाठी जे पाणी प्यायले गेले, ते शाळेच्या माठापर्यंत पोहोचले की नाही, हा आरोग्याचा पहिला प्रश्न आहे.

मी भडगाव तालुक्यातल्या ज्या खेड्यात शिकलो, तेथील शाळेचा माठ आम्हाला बंद नव्हता. फक्त एक पेला बाजूला ठेवलेला असे आणि तो कोणासाठी हे कोणी सांगावे लागत नसे. आम्ही घरूनच पोटभर पाणी पिऊन निघत असू आणि सुटी होईपर्यंत तहान मारत असू. अशा तहानेने डोके दुखते, लक्ष लागत नाही. अपमानाचा घाव पुन्हा निराळाच.

गिरणाकाठचा हा मुलूख कापसाचा आणि केळीचा. वेचणीच्या दिवसांत मजूर आई पहाटेच शेतात जाते आणि मूल कोऱ्या चहावर शाळेत येते. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त शोषतो. लोह कमी पडले की रक्तातून मेंदूला आणि स्नायूंना प्राणवायू पुरेसा मिळत नाही. मग पोर 'पोट दुखस' म्हणून बाकावर डोके टेकते आणि 'ही पोरे मठ्ठच' असा शेरा मिळतो. रक्तक्षयाला बुद्धीचा दोष ठरवणे हीही एक जुनी चातुर्वर्ण्यी सवयच होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता.

यावर उपाय आहेत. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. किशोरवयीनांना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी मळमळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते वैद्यकीय पथक जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब शोधते. पण पथक येते त्या दिवशी वेचणीला किंवा ऊसतोडीला गेलेले मूल कागदावर केवळ 'गैरहजर' उरते. ज्याला तपासणीची सर्वाधिक गरज, तेच सुटते.

आहाराचेही तसेच. १९९५ च्या योजनेत आम्हाला तांदूळ घरी मिळत असे आणि तो साऱ्या घराच्या पोटात जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, वरच्या वर्गांसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. शिजलेल्या अन्नाचे मोल एवढ्यावरच संपत नाही. ते खायला एका पंगतीत बसावे लागते. २० एप्रिल २००४ च्या आदेशात तर स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. पंगत मोडली, तर प्रथिनांचा हिशेब कागदावर जुळूनही योजना हरली असे समजावे.

मुलींची अडचण आणखी वेगळी. शौचालयात पाणी नसले की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात आणि पाळीच्या दिवसांत शाळा बुडते.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी येथे हात घालावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या बायाबापड्यांना या बैठकीत बसवा. त्यांनी एवढेच विचारावे: माठातून पाणी कोण घेते? पंगत एक आहे का? खिचडी कोण शिजवते? शौचालयात पाणी आहे का? गैरहजर मुलाची तपासणी पुन्हा केव्हा होणार? या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या बैठकीत तेच पान पुन्हा उघडावे.