बामणोद की असोदा? भरिताचा खानदेशी वाद

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात एक वाद हमखास रंगतो: भरिताचं वांगं कुठलं भारी? बामणोदचा माणूस आपल्या गावाबाहेर जायला तयार नसतो. जळगावजवळचं असोदा, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर, तेही माघार घेत नाही.

वांगं मात्र दोन्हीकडे देखणंच. मोठं, फिकट हिरवं, पांढरट रेघांचं, बिया कमी आणि गर भरपूर. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं, त्यामुळे केळी पिकवणाऱ्या यावल-रावेरकरांची मान दुप्पट ताठ झाली.

गावांवरून विषय निघतो तो भाजण्यावर येतो. जाणकारांचं मत ठाम: कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच वांगं भाजायचं. त्या धुराचा वास गरात उतरतो, गॅसवर तो येत नाही. मग साल काढून बडजीत, म्हणजे ठेचण्याच्या लाकडी भांड्यात, हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायचं.

पुढे पुन्हा दोन तट. एक पक्ष कच्च्या भरिताचा, वरून नुसती कांद्याची पात. दुसरा तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप घालून फोडणी देणारा. सोबतीला पुरी की कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, यावर आणखी अर्धा तास जातो.

भरिताचा हा शौक किती मोठा? डिसेंबर 2018 मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात एकाच वेळी सुमारे अडीच हजार किलो भरीत केलं होतं.

बाजारात निवडताना चकचकीत सालीचं आणि आकाराच्या मानाने हलकं वांगं उचला. जड वांग्यात बिया जास्त निघतात.

तुमचा पक्ष कोणता, कच्चं की फोडणीचं?