एका सिद्धांताचे वाचन: स्वयंप्रतिरक्षा रोग आणि संशोधक

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा शरीराच्याच घटकांवर उलटल्याने जे रोग उद्भवतात, त्यांस स्वयंप्रतिरक्षा रोग म्हणतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह, हाशिमोटो यांच्या नावाने ओळखला जाणारा अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा शोथ, ही त्यांची परिचित उदाहरणे होत. आज ही कल्पना पाठ्यपुस्तकात रुळली आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुसंख्य शास्त्रज्ञांस ती अशक्य कोटीतील वाटत असे. ही समजूत कशी रूढ झाली व कशी ढळली, हे पाहणे नवोदित संशोधकास उद्बोधक ठरेल.

१९०१ च्या सुमारास पाउल एर्लिख व यूलियस मोर्गेनरोथ यांनी शेळ्यांना इतर शेळ्यांचे रक्त टोचले. तेव्हा परक्या शेळीच्या तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड निर्माण झाले. स्वतःच्या पेशी फोडणारे मात्र आढळले नाहीत. या परिहारास एर्लिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे नाव दिले. आत्मघातकी प्रतिक्रियेस आवर घालणारी काही व्यवस्था शरीरात असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील पिढ्यांनी मात्र त्यांच्या विधानाचा अर्थ ‘अशी प्रतिक्रिया घडूच शकत नाही’ असा घेतला. १९०४ मध्ये डोनाथ व लांडस्टायनर यांनी, थंडीने मूत्रातून रक्तरंजक जाणाऱ्या रुग्णांत स्वतःच्याच तांबड्या पेशींचा नाश करणारा प्रतिपिंड दाखवून दिला होता. तरीही त्या शोधाचा व्यापक अर्थ दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे अर्न्स्ट विटेब्स्की यांच्या प्रयोगशाळेत नोएल रोझ हे तरुण संशोधक अवटू ग्रंथीतील थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच परंपरेत वाढलेले. सशाच्याच ग्रंथीचा अर्क फ्रॉइंड यांच्या साहाय्यक मिश्रणासह सशांना टोचला असता त्यांच्या रक्तात त्या अर्काविरुद्ध प्रतिपिंड आढळले. परंपरेनुसार हे घडावयास नको होते. आता एक शंका उरत होती: दुसऱ्या सशाचा अर्क टोचलेल्या सशास परका वाटला असेल काय? तिच्या निरसनासाठी सशाच्या ग्रंथीचा एक भाग काढून त्याचाच अर्क त्याच सशाला टोचण्यात आला. तरीही प्रतिपिंड निर्माण झाले, आणि शरीरात उरलेल्या ग्रंथीत लसीका पेशी शिरून शोथ झालेला दिसला. हे निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक, कॅम्पबेल व हडसन यांनी हाशिमोटो रोगाच्या रुग्णांचा रक्तरस आणि मानवी अवटू ग्रंथीचा अर्क यांचा आगरमध्ये संयोग घडवून आणला. तेथे अवक्षेपाची रेषा उमटली. ससा आणि रुग्ण या दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींस पूरक ठरल्या.

तथापि रक्तात प्रतिपिंड आढळला म्हणजे तोच रोगाचे कारण, असे सिद्ध होत नाही. निरोगी व्यक्तींतही असे प्रतिपिंड आढळतात. म्हणून १९५७ मध्ये विटेब्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्याच्या कसोट्या मांडल्या. रुग्णात प्रतिपिंड दाखवावा. तो ज्यावर कार्य करतो तो प्रतिजन ओळखावा. त्याच प्रतिजनाने प्राण्यात प्रतिपिंड निर्माण करावा. आणि त्या प्राण्याच्या ऊतकात रुग्णासारखेच बदल घडवून दाखवावेत. स्वतःच्या यशावर असा अंकुश ठेवणे, हेही संशोधनाचेच अंग होय.

एर्लिख यांना अभिप्रेत असलेली आवर घालणारी व्यवस्था मात्र पुढे कित्येक वर्षे अस्पष्टच राहिली. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी काढल्यास त्याच्या अवयवांवर स्वयंप्रतिरक्षेचा आघात होतो, असे दिसून आले होते. शिमोन साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी दिल्या असता रोग टळला. रोग निवारणाऱ्या या पेशी कोणत्या, याचा शोध त्यांनी सोडला नाही. दडपणाऱ्या टी-पेशींची जुनी कल्पना १९८० नंतर बदनाम झाली असतानाही त्यांचे काम चालूच राहिले. १९९५ मध्ये त्यांनी सीडी-२५ हे चिन्ह धारण करणाऱ्या नियामक पेशी वेगळ्या ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. त्यातील दोषामुळे उंदरांत व बालकांत तीव्र स्वयंप्रतिरक्षा रोग होतो. या पेशींची घडण त्याच जनुकावर अवलंबून असते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. या कार्याबद्दल तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून असे दिसते की, एर्लिख यांचे निरीक्षण खोटे नव्हते; त्यातील ‘आवर’ हा शब्द गळून ‘अशक्य’ एवढाच उरला होता. तेव्हा विद्यार्थ्यांनी सिद्धांत उद्धृत करण्यापूर्वी मूळ प्रयोग वाचावा. स्वतःच्या नोंदवहीत सिद्धांताशी विसंगत आकडा आढळल्यास तो खोडूही नये, आणि दुसऱ्या कसोटीस उतरण्यापूर्वी त्याचा गाजावाजाही करू नये.