पऱ्हाटी अन् प्लास्टिकची फळी

मैत्रिणींनो, वेचणी संपली की आपल्या अमरावती-अकोल्याकडं पऱ्हाटी चुलीत जाते, नाहीतर धुऱ्यावर पेटते. तिच्या भुशाचे बोर्ड करण्याचं तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं विकसित केलंय. पण साधा बोर्ड पाण्यानं फुगतो. गोंदाऐवजी वितळलेलं जुनं प्लास्टिक भुशाला वेढलं, तर पाणी सहज मुरत नाही.

कॅन-बादल्यांचं प्लास्टिक साधारण 130 ते 165 अंशांवर वितळतं. 200 च्या पुढं भुसा करपतो. भुसा ओला राहिला तर वाफेनं फळी पोकळ होते.

म्हणून वाळवणं, निवडणं गटाचं, वितळवणं यंत्राचं. आम्ही चुलीवर करून पाहिलं, दिवसभर खोकलो! पीव्हीसी पाइप तापला की आम्लाचा वायू सुटतो, तो निवडतानाच बाजूला काढा. फवारणीचे डबे तर घेऊच नका.