आजोच्या हातावरची झडप

या रे, पायरीवर बसा आणि माझा हात बघा. म्हाताऱ्याच्या शिरा कशा टरारून वर आल्यात! दंडाला हा पंचा बांध. फार आवळू नको, मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. आता फुगलेल्या शिरेवर मध्येमध्ये बारक्या गाठी दिसतायत ना? मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धर आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारत ने, गाठीच्या पलीकडे. झाली ना मधली शीर सपाट? वरचं रक्त मागे यायला बघतंय, पण गाठीपाशी अडलंय. आता मनगटाकडचं बोट उचल. भरली झटकन!

"आजो, गाठीत काय आसा?"

झडप. विहिरीतल्या पायपाच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो ना, तशीच. पाणी वर चढू देतो, पण परत पडू देत नाही. त्यात कचरा अडकला की पंप नुसता घुमतो आणि आपण कळशीने पाणी ओतत बसतो.

विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने हाच प्रयोग १६२८ सालच्या आपल्या पुस्तकात चित्रं काढून दाखवला. त्याआधी युरोपातले वैद्य शतकानुशतकं सांगत होते की यकृतात रोज नवं रक्त तयार होतं आणि अंगात जिरून जातं. हार्वेने नुसता हिशोब मांडला. आपणही मांडू. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला ठोके ७२. गुणा बघू. वही नको, तोंडी!

"पाच हजार चाळीस!"

म्हणजे पाच लिटर. अख्ख्या अंगात रक्त असतं तेवढंच! तासाला होतात तीनशे लिटर. चतुर्थीचे मोदक धरले तरी एवढं रक्त होण्याइतकं कोण जेवतो? तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येतं. पण रोहिणीतलं रक्त नीलेत नेमकं कुठून उतरतं, ते हार्वेला शेवटपर्यंत दिसलं नाही. तो १६५७ साली गेला. १६६१मध्ये इटलीच्या माल्पिघीला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नळ्या सापडल्या, त्या बेडकाच्या फुप्फुसात. पावसात कुणग्यात ओरडत बसतो ना, तो बेडूक.

हृदयाला कप्पे चार, वर दोन अलिंद आणि खाली दोन निलय. उजव्या निलयाने रक्त पाठवायचं शेजारच्या फुप्फुसांत, म्हणून त्याची भिंत पातळ. डाव्याला ते टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, म्हणून भिंत चांगली जाड. खोटं वाटत असेल तर रविवारी बोकडाचं दिल आणून कापून बघू. आजी ओरडेल, तिचं मी बघतो. आणि लब-डब ऐकू येतं तो झडपा मिटण्याचा आवाज. आधी अलिंद-निलयांमधल्या मिटतात, मग रोहिण्यांच्या तोंडाच्या.

ठोका दे म्हणून मेंदूने सांगावं लागत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक पुंजका आहे, तो आपणहून विजेचा इशारा सोडतो. म्हणून तर एकाचं हृदय दुसऱ्याला बसवता येतं. आपल्या देशात ते पहिल्यांदा केलं मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ला. तो रोगी काही तासच जगला, पण आता असे लोक वर्षानुवर्षं जगतात. बसवलेल्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, तरी ते चालतं. उलट जरा जलदच, मिनिटाला शंभराच्या आसपास.

"मगे कसालच्या तिठ्यावर त्याच्या पाठी कुत्रो लागलो तर?"

वा रे पठ्ठ्या! माणूस धूम पळत सुटतो, पण त्याची छाती आपल्यासारखी लगेच धडधडत नाही. मेंदूचा निरोप आणणारे तंतूच नाहीत ना! मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, ते रक्तातून हृदयाशी पोचतं, तेव्हा कुठे ठोके वाढतात. आणि कमीही सावकाशच होतात. कुत्रा दमून तिठ्यावर परत गेला तरी याची धडधड आपली चालूच.