पंचविशीतला निबंध आणि आजचा प्रकल्प

चार वर्षांच्या पदवीत आता शेवटच्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना ही वाट खुली आहे आणि प्रबंधाला १२ क्रेडिट आहेत. तरीही लेखन आणि संशोधन शिकवणारा तास वेळापत्रकात आला की विद्यार्थी आणि पालक दोघेही विचारतात, याचा उपयोग काय? मिळणारे उत्तर बहुधा दुबळे असते: भाषा सुधारते, संदर्भ द्यायला जमते, पुढे पीएच.डी. सोपी जाते. हे सगळे होते, पण ते दुय्यम आहे. विद्यार्थ्याच्या हाती खरे लागते ते आपल्या विधानाची जबाबदारी घेण्याचे बळ. आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर, आधीच्यांनी काय म्हटले आहे, आपण त्यांच्यापासून नेमके कुठे वेगळे होतो आणि काय समोर आले तर आपण माघार घेऊ, हे त्याला सांगता येऊ लागते.

याचे उत्तम उदाहरण एका मराठी विद्यार्थ्याचेच आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे दुःख त्यांनी भोगलेले होते; त्या बळावर थेट निष्कर्ष मांडला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी ते केले नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी आधी श्रोत्यांपुढे ठेवल्या आणि एकेक तपासली. सेनार यांनी विटाळावर भर दिला. आंबेडकरांनी दाखवले की विटाळ जातीला चिकटतो तो धर्माच्या संबंधामुळे, तो तिचा गाभा नव्हे. परजातीत जेवण्याची बंदी हे नेसफील्ड यांनी लक्षण मानले होते; आंबेडकरांच्या मते तिथे परिणामालाच कारण समजले गेले. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ १९०९ मध्ये आला होता. त्यांचे मोकळे कौतुक करून आंबेडकरांनी दुरुस्तीही सुचवली: जातीबाहेर लग्नाला मनाई आणि जन्मानेच सदस्यत्व, ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वेगळी नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. एवढे झाल्यावर त्यांनी स्वतःचा मुद्दा मांडला. जातीचे मर्म जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी त्या बंधनाला टिकवून धरण्यासाठी आल्या. आपली उपपत्ती टिकण्याजोगी नाही असे कुणी दाखवून दिले तर ती सोडायची तयारीही त्यांनी शेवटी नोंदवली. पुढच्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’ने हा निबंध छापला. वीस वर्षांनी, त्यांच्याच १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून पुढे आला, तेव्हा त्याच्या मुळाशी विद्यार्थीदशेतली ही मांडणी होती.

आंबेडकर असामान्य होते, सामान्य विद्यार्थ्याला त्यांची फूटपट्टी कशी लावायची, असे कुणी म्हणेल. प्रतिभा शिकवता येत नाही हे खरेच. पण वरची कृती शिकवता येते, आणि ती शिकवण्याची सुरुवात प्रश्न लहान करण्यापासून होते. ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ हा विषय घेतलेला विद्यार्थी इकडची तिकडची पाने गोळा करण्यापलीकडे जाऊ शकत नाही. त्यालाच विचारा, तुझ्या गावात कांदा साठवायची चाळ असलेला आणि ती नसलेला उत्पादक आपला माल कधी विकतो? आता त्याला माणसांकडे जावे लागते. शेतकरी भाव आठवून सांगतो, आडत्याने दिलेल्या विक्रीच्या पट्टीवर दुसराच आकडा असतो. कुठला खरा? सांगणारा खोटे बोलतो आहे, की हमाली, तोलाई, वाहतूक वजा करून हाती आलेली रक्कम सांगतो आहे? चाळ असूनही ज्याने काढणीबरोबर कांदा विकला, त्याच्यावर सोसायटीचे कर्ज होते का? म्हणजे वेळ ठरवणारी गोष्ट चाळ आहे की कर्ज? या प्रश्नापाशी पोहोचलेला मुलगा पुढे बँकेत, बातमीदारीत किंवा ग्रामपंचायतीत कुठेही गेला तरी समोर आलेल्या आकड्याला उलटा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. नोकरीला उपयोग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

दुसरा आक्षेप ताजा आहे. निबंध यंत्रच लिहून देते, मग लिहायला कशाला शिकायचे? यंत्र सफाईदार परिच्छेद देते, हे मान्य. पण आडत्याच्या पट्टीवरचा आकडा बघायला ते गावात गेलेले नसते, आणि चुकीचे विधानही ते तितक्याच ठामपणे करते. ते पकडायला वाचणाऱ्याला विधानाचा आधार शोधता आला पाहिजे. शिवाय लिहिणे म्हणजे ठरलेला विचार कागदावर उतरवणे एवढेच नसते. आपल्या युक्तिवादातली पोकळी बहुतेकदा तिसरे वाक्य लिहिताना पहिल्यांदा दिसते. ते वाक्य दुसऱ्याकडून लिहून घेतले की पोकळीही दिसत नाही. उचलेगिरीचेही असेच. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते आणि त्यापुढे दंडाच्या पायऱ्या सुरू होतात. पण शब्द फिरवून टक्का खाली आणता येतो आणि कल्पना मात्र दुसऱ्याचीच राहते. केतकरांचे ऋण मान्य करून त्यांना दुरुस्त करणे हा प्रामाणिकपणा कुठल्या सॉफ्टवेअरच्या भीतीने येत नाही. तो सवयीने येतो.

सर्वांत गंभीर आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. एकेका अध्यापकाकडे इतके प्रकल्प असतात की पहिला खर्डा वाचून परत देणे अशक्य होते. मग झेरॉक्सच्या दुकानातून आलेला गतवर्षीचा अहवाल नवे मुखपृष्ठ लावून जमा होतो आणि गुणही मिळवतो. पण यात दोष कमी मनुष्यबळाचा आहे, अभ्यासक्रमाचा नाही. मनुष्यबळ वाढेपर्यंत ऐंशी पानांऐवजी आठ पाने मागावीत आणि ती दोनदा वाचावीत. तीही मराठीत का नकोत? वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली ती मराठी प्रस्तावनांसह, आणि केतकर अमेरिकेत शिकून आले तरी ज्ञानकोश त्यांनी मराठीत उभा केला. कांद्याची पट्टी मराठीत, शेतकऱ्याचे बोलणे मराठीत आणि त्यावरचा युक्तिवाद तेवढा मोडक्या इंग्रजीत करायला लावला, तर विद्यार्थी विचार करणे सोडून वाक्ये जुळवत बसतो.