गाडी आपली, नोंद विकली

अहिल्यानगरच्या एमएच १६ किंवा श्रीरामपूरच्या एमएच १७ क्रमांकाच्या गाडीची नोंद केंद्राच्या ‘वाहन’ या माहितीकोशात जाते, परवान्याची ‘सारथी’त. मार्च २०१९मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. व्यावसायिक संस्थेसाठी वर्षाचा दर होता ३ कोटी रुपये. वेगवेगळे माहितीसंच जुळवले तर माणूस ओळखता येईल, हा धोका धोरणातच नमूद होता, तरीही विक्री ठरली! ज्याने नोंदणीसाठी सक्तीने माहिती दिली, त्या गाडीमालकाची संमती कुणी मागितली नाही. हे मला साफ अमान्य आहे.

जुलै २०१९मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले, की ८७ खासगी कंपन्या व ३२ सरकारी संस्थांना ‘वाहन’-‘सारथी’ खुले केले असून त्यातून सुमारे ६५ कोटी मिळाले. खासगीपणाच्या चिंतेमुळे जून २०२०मध्ये धोरण रद्द झाले. पुढे फेब्रुवारी २०२१मध्ये संसदेत आलेला कमाईचा आकडा १११ कोटींच्या वर होता.

पैसे घेऊन गाडीमालकाची माहिती देणे परदेशातही चालते: ब्रिटनमध्ये सरकारी परवाना संस्था खासगी पार्किंग कंपन्यांना गाडीमालकाचे नाव-पत्ता देते. दर नोंदीमागे अडीच पौंड.